टेनिसमधली उमेदवारी

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने टेनिसवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आम्ही हातात रॅकेट कधी धरलेली नाही. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या घाटकोपरच्या कचेरीत एक जुने सभासद आले. कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना लागली होती. मिळणारी सगळी रक्कम सोळा वर्षांच्या मुलीच्या टेनिसवर लावायची, म्हणून ते अर्ज लिहून मागत होते. "भाऊ, पोरगी चांगली खेळते. दोन वर्षांत व्यावसायिक झाली की काळजी मिटली," असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांना वेड्यात काढले. ते काही न बोलता उठून गेले. मागाहून आमचे आम्हांलाच वाटले की, ज्या धंद्याची मजुरी आपल्याला ठाऊक नाही, त्यावर मत देण्याचा आपणांस अधिकार काय? म्हणून तो धंदा आम्ही समजून घेतला. जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

ज्युनियर टेनिस ही उमेदवारी आहे. तेराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मुले आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा खेळतात. तिथे गुण मिळतात, क्रमांक मिळतो, पैसा मिळत नाही. खर्च सारा घरचा. बरे, कारखान्यातला उमेदवार निदान त्याच कारखान्यात कायम होण्याची आशा धरतो. इथे उमेदवारी संपली की क्रमांकही तिथेच राहतो, आणि थोरांच्या यादीत नवे नाव शून्यापासून लिहिले जाते. वर्षअखेर जगातल्या पहिल्या वीस ज्युनियरांत असलेल्यांसाठी वरच्या काही स्पर्धांत जागा राखून ठेवतात. बाकीच्यांनी दाराशी उभे राहायचे.

हे दाराशी उभे राहणे गिरणगावातून उपनगरांत आलेल्या आपल्यासारख्यांना नवे नाही. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात येई. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी परत. टेनिसमध्ये पात्रता फेरीत हरलेला खेळाडूही असाच थांबून राहतो. कोणी ऐन वेळी दुखापतीने गळाला, तर याला आत घेतात. त्याला तिकडे 'लकी लूझर' म्हणतात. आम्ही बदलीवाला म्हणू.

आता मजुरी पाहू. व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे एकूण १५,००० डॉलर बक्षिसाची स्पर्धा. त्यातले एकेरीच्या विजेत्याला दोन हजारांहून थोडे अधिक डॉलर मिळतात. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला साधारण दीडशे, म्हणजे तेरा हजार रुपयांच्या आसपास. त्यातून कर कापला जातो. उरलेल्यात विमान, आठवड्याचे हॉटेल, जेवण आणि रॅकेटच्या तारा. गुणांचे पाहावे, तर विजेत्याला १५ आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला शून्य. मिळविलेले गुणही बावन्न आठवड्यांनी गळून पडतात. आजारपणाची रजा घ्यावी, तर ज्येष्ठता जाते! याउलट २०२५ च्या विंबल्डनमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ६६,००० पौंड होते. एकाच खेळातले हे दोन पगार. मधला पूल मात्र ज्याचा त्याने स्वखर्चाने बांधायचा.

हा पूल केवढा लांब? आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालचा हिशेब तपासला. प्रशिक्षकाचा पगार न धरतासुद्धा पुरुषांत सुमारे ३३६ व्या आणि स्त्रियांत २५३ व्या क्रमांकापर्यंतच खर्च भागत होता. जे पुरुष पहिल्या शंभरांत पोचले, त्यांना पहिला गुण मिळाल्यापासून तिथवर जायला सरासरी ४.८ वर्षे लागली. आमच्या सभासदाने धरली होती दोन.

सुमित नागलचे उदाहरण घ्या. २०१५ साली त्याने विंबल्डनची मुलांची दुहेरी जिंकली. २०२३ साली तो भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता, आणि आपल्या खात्यात नऊशे युरोसुद्धा नाहीत, असे त्याने उघड सांगितले. पुढे २०२४ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात त्याने ३१ वे मानांकन असलेल्या बुब्लिकला हरविले. कसब त्याच्या अंगी होतेच. मधली वर्षे पोटाला काय, हा प्रश्न होता.

खेळाडूंनीही संघटना केल्या आहेत. १९७२ मध्ये पुरुष व्यावसायिकांची संघटना झाली, आणि पुढच्याच वर्षी एका सहकाऱ्यावरील बंदीच्या निषेधार्थ ८१ खेळाडूंनी विंबल्डनवर बहिष्कार टाकला. २०२४ पासून पुरुषांना किमान उत्पन्नाची हमीही मिळाली: पहिल्या शंभरांना वर्षाला तीन लाख डॉलर, १७५ पर्यंत दीड लाख, २५० पर्यंत पाऊण लाख. आम्हांला हे वाचून आनंद झाला, आणि लगेच खंतही वाटली. किमान वेतन सुरू होते ते पुलाच्या पलीकडे. जो अजून पुलावर आहे, त्याला काहीच नाही.

मग मुलांनी खेळू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. एक वाट शिक्षणाची आहे. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, आणि हांगचौच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. पुण्याचा अर्जुन कढेही अमेरिकेत कॉलेजकडून खेळूनच पुढे गेला. दुसरी गोष्ट घरच्या स्पर्धांची. २०२५ च्या फेब्रुवारीत चर्चगेटला क्रिकेट क्लबवर झालेल्या मुंबई ओपनमध्ये कोइमतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून उपांत्य फेरीपर्यंत गेली. पुण्याच्या महाराष्ट्र ओपनमध्ये २०२३ साली अहमदनगरच्या मानस धामणेला पंधराव्या वर्षी मुख्य फेरीत खेळायला मिळाले. पण २०१८ पासून पुण्यात होणारी ती स्पर्धा त्या वर्षानंतर हाँगकाँगला गेली. अशी स्पर्धा जाते, तेव्हा आपल्या मुलांचे विमानभाडे वाढते. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या मुलाला लोकलच्या तिकिटात गुण मिळविता येतील, अशा लहान स्पर्धा इथे वर्षभर व्हाव्यात, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आम्ही त्या सभासदांच्या घरी गेलो. आधी माफी मागितली. मग मुलीला समोर बसवून तिच्याच वहीत हा सारा हिशेब मांडला. तिने तो मन लावून पाहिला आणि विचारले, "काका, बाबांची नोकरी राहिली तर मला वर्षाला किती स्पर्धा परवडतील?" आम्ही म्हटले, देशातल्या देशात सहा-सात. ती म्हणाली, "मग सहा-सात खेळते."

अर्ज लिहिला गेला नाही. आज ती कॉलेजात शिकते आहे, खेळते आहे, आणि तिचे वडील अजून पहिल्या पाळीला जातात.