शब्दांच्या शोधात : दुर्मीळ अक्षराचा मान पहिला

अक्षरे वर्णक्रमाने लावून शब्दाची खूण तयार करायची युक्ती गेल्या आठवड्यात पाहिली. ‘लिसन’, ‘सायलेंट’ आणि ‘टिन्सेल’ या तिघांची खूण एकच निघते, म्हणून एकाच्या जागी तिघे सापडतात. त्यावर एका वाचकाने विचारले आहे, की ए, डी, आर, जे आणि क्यू ही पाच अक्षरे ज्यात कुठेही, कशाही क्रमाने येतात असे इंग्रजी शब्द याच युक्तीने शोधता येतील का? प्रश्न इतका मोलाचा आहे की आज सांगायचे ठरलेले अक्षरांचे जाळे पुढे ढकलतो. उत्तर ‘नाही’ असे आहे. वर्णक्रमाची खूण शब्दातली सगळी अक्षरे ठाऊक असतील तरच नेमक्या जागी नेते. इथे पाचच ठाऊक आहेत. उरलेली किती आणि कोणती, याचा पत्ता नाही. ती मधेमधे घुसली की खूण पार बदलते. ‘हीच अक्षरे’ आणि ‘ही अक्षरे तरी’ हे दोन प्रश्न दिसायला सख्खे भाऊ, पण त्यांची उत्तरे वेगळ्या वाटांनी मिळतात.

दुसऱ्या प्रश्नाची वाट अशी. प्रत्येक अक्षरासाठी ते ज्यात आहे अशा शब्दांची यादी करायची आणि पाचही याद्यांत असलेले शब्द तेवढे ठेवायचे. कोणतीही यादी आधी घेतली तरी शेवटी उरणारे शब्द तेच; कष्ट मात्र तेच नाहीत. ए-पासून सुरुवात केली तर निम्म्याच्या आसपास शब्दकोश हातात येतो आणि त्यातला एकेक शब्द तपासावा लागतो. क्यू-पासून केली तर शंभरात एक-दोन शब्द उरतात, आणि त्यांत जे शोधला की जवळजवळ सगळे गळतात. ‘जॉन्क्विल’ हे फूल राहते, पण त्यात ए नाही. ‘जॅकार्ड’ राहतो, आणि तोच वाचकाच्या प्रश्नाचे ओळखीचे उत्तर. (१८०४ च्या ज्या मागाला हे नाव मिळाले तो भोके पाडलेल्या पत्त्यांवर चालत असे, आणि पुढे संगणकांनीही तसेच पत्ते वापरले. शब्द शोधणाऱ्या यंत्राच्या पूर्वजाचे नाव या शोधात सापडावे, याचा मला मनापासून आनंद होतो.) तेव्हा माझे म्हणणे एवढेच : सर्वांत दुर्मीळ अक्षर आधी घ्यावे.

पण दुर्मीळ म्हणजे कुठे दुर्मीळ? इथे पुष्कळ जण चुकीच्या तक्त्यावर विसंबतात. लायनोटाइप यंत्राच्या कळा इंग्रजी मजकुरातल्या वापराच्या क्रमाने लावलेल्या होत्या, आणि त्या क्रमात एच आठवा येतो. धावत्या मजकुरात एच सुमारे सहा टक्के असतो, कारण ‘द’, ‘दॅट’, ‘ही’, ‘हॅव’ हे शब्द ओळीओळीत येतात. शब्दकोशात मात्र ‘द’ एकदाच येतो. कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरीतल्या शब्दांची मोजणी सांगते, की तिथे एच फक्त तीन टक्के आहे. झेडचे उलटे. मजकुरात तो सहसा तळाला असतो. त्या शब्दकोशात तो जे आणि क्यू या दोघांच्याही वर आहे. ‘आइझ’ने संपणारी क्रियापदे वाचनात क्वचित भेटली तरी कोशात रांगेने उभी आहेत. आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात स्क्रॅबल रचताना वृत्तपत्रांतली अक्षरे मोजली, तरी शंभर ठोकळ्यांत एचचे दोनच ठेवले. नुसत्या मजकुराचा हिशेब लावला असता तर सहा आले असते. आपला शोध कोशात चालतो, म्हणून मोजणीही कोशाचीच हवी.

यावर कोणी म्हणेल, की क्यू आला म्हणजे यू आलाच, मग या सगळ्या तक्त्याला अर्थ काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याने माझा नियम अधिक नेमका होतो. यू एरवी बरेच शब्द गाळतो, पण क्यूच्या मागे गेला की जवळजवळ काहीच गाळत नाही. आय, एन आणि जी हेही असेच टोळीने हिंडतात. म्हणून पहिले अक्षर कोशात सर्वांत दुर्मीळ असावे आणि त्यानंतरचे प्रत्येक अक्षर उरलेल्या शब्दांत सर्वांत दुर्मीळ असावे. आणि ई, ए, आर, एस, टी अशी सगळीच नेहमीची अक्षरे असली तर? तर उत्तरेच ढिगाने असतात आणि कोणताही क्रम त्यांची संख्या घटवू शकत नाही. तिथे शब्दाची लांबी किंवा एखादे वर्ज्य अक्षर विचारून प्रश्नच बांधून घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप संगणकवाल्यांचा : लाखभर शब्द डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चाळून होतात, मग क्रमाची चिकित्सा कशाला? एका प्रश्नापुरते हे खरे आहे. अनेक शब्द एकमेकांशी जुळवायचे झाले की ते खोटे ठरते. गणिताचे प्रसारक मॅट पार्कर यांनी पाच अक्षरी पाच शब्द असे शोधले, की पंचवीस अक्षरांत एकही दुसऱ्यांदा येऊ नये. अक्षरबदलाची भावंडे एकत्र केली (गेल्या आठवड्याची युक्ती इथे कामी येते), की सहा हजारांच्या आसपास शब्द उरतात, तरी त्यांच्या संगणकाला सुमारे महिना लागला. २०२२ मध्ये ही हकिगत लोकांपुढे आली आणि इतरांनी तोच वेळ मिनिटांवर, सेकंदांवर, अखेर सेकंदाच्याही अंशावर आणला. सर्वांत वेगवान रीतींचे मर्म आपल्याच नियमात आहे. सव्वीसपैकी एकच अक्षर सुटू शकते. म्हणजे क्यू घ्या; तो सोडलात तर दुसरे काही सोडता येत नाही आणि जे घ्यावाच लागतो. कोट्यवधी जुळण्यांचा प्रारंभ असा मूठभर शब्दांवर येतो. ‘फ्योर्ड, गक्स, निम्फ, व्हायबेक्स, वॉल्ट्झ’ या उत्तरात सुटलेला आहे क्यू, आणि जे आहे ‘फ्योर्ड’मध्ये.

एक बारकावा राहतो. ‘पिझ्झा’सारखे दोन झेड हवे असतील तर अक्षर आहे की नाही एवढेच नोंदवणारी यादी पुरत नाही. मी दुसऱ्या झेडला स्वतंत्र अक्षर मानून त्याची वेगळी यादी करतो. ती पहिल्या झेडच्या यादीहून फार छोटी असते, म्हणून शोध तिच्यापासून सुरू करायचा. अॅपेल आणि जेकबसन यांचे १९८८ चे जाळे आता पुढच्या आठवड्यात.