पावणेतीन किलोचं कोडं

1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या डॉ. कॅरोलीन फॉल त्यात आघाडीवर होते. साउदॅम्प्टनच्याच डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरमधल्या परिचारिकांच्या जुन्या वह्या धुंडाळून दाखवलं होतं, की जन्मतः वजन कमी असलेल्यांना उतारवयात हृदयविकार आणि मधुमेह जास्त गाठतो. मग जिथे बरीच बाळं हलक्या वजनाची जन्मतात, त्या आपल्याकडे काय होत असेल?

अभ्यासाची सुरुवातच किती लांबून केली होती पाहा. गरोदर बायका शोधून नव्हे, तर दिवस राहण्याआधीच दोन हजारांहून अधिक स्त्रियांची उंची, वजन नोंदवून. मग दर महिन्याला कार्यकर्त्या घरोघरी जाऊन पाळीची तारीख विचारत. पाळी चुकली की त्या बाईचं खाणं, तिची शेतातली आणि घरातली कामं, तिचं रक्त, पोटातल्या बाळाची वाढ, सगळं टिपलं जाई. बाळ जन्मलं की 72 तासांच्या आत त्याचं मोजमाप व्हायचं. डोकं, दंड, पोट, आणि कॅलिपर नावाच्या चिमट्यात हलकेच धरलेल्या कातडीच्या घडीची जाडी. इतक्या साध्या साधनांतून पुढचं सगळं निघालं, याचं मला अजून नवल वाटतं.

साउदॅम्प्टनचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं पावणेतीनच्या आसपास. म्हणजे आपलं बाळ सगळीकडून सारखंच लहान असणार, असंच कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. पोटाचा घेर खूपच कमी, दंडही बारीक, पण खांद्याच्या फऱ्याखाली चिमटा लावला तर चरबी जवळजवळ इंग्रज बाळाइतकी! पोटात असताना जे मिळालं त्यातून स्नायू आणि पोटातले अवयव तोकडे राहिले, चरबी मात्र शाबूत राहिली. शास्त्रज्ञ या बाळाला ‘थिन-फॅट’ म्हणतात. पुढे पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर पुण्याच्या लहानग्यांत इन्सुलिनही जास्त निघालं. मधुमेहाची वाट पहिला श्वास घेण्याआधीच आखली जात असावी.

हीच गोष्ट मोठेपणी कशी दिसते? 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतः याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाट्याला हा फरक कळतच नाही. रक्तातली साखर मोठ्या प्रमाणावर स्नायूच वापरतात, आणि आपल्याकडे तेच तोकडे, म्हणून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांचीही साखर तपासायला हवी.

खेड्यांतल्या त्या आयांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींना बी-12 कमी होतं. हे जीवनसत्त्व मिळतं दूध, अंडी, मांसाहारातून, आणि ताटात ते थोडंच. मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं, की गरोदरपणी आईच्या रक्तात फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर आणि बी-12 कमी असेल, तर मुलाचं शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देतं. पण दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. ते पडताळायला प्रयोग लागतो. त्यासाठी 1993च्या अभ्यासातली बाळं वयात येईपर्यंत थांबावं लागलं. 2012 साली त्या मुलामुलींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले गेले. काहींना रोज बी-12 मिळालं, काहींना त्यासोबत इतर पोषक द्रव्यं, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. बी-12ची रोजची मात्रा होती दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाख भागांपैकी दोन. त्या मुलींना दिवस राहण्याच्या कितीतरी आधी ही मात्रा सुरू झाली, आणि मोजायची होती ती त्यांची बाळं.