घरचंच पिल्लू चावलं तरी दवाखाना गाठा. लेकरं आणि पाळीव जनावरं एकत्र वाढवताना हे सांभाळा

बीड : डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळची बातमी पार परदेशापर्यंत गेली होती. माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, घरांवर नेत होती. शेवटी वनविभागाने दोन माकडं पकडून नेली. किती पिल्लं गेली याचे आकडे ज्याने त्याने वेगळे सांगितले, ते सोडा. पण लेकरू आणि पिल्लू यांच्यात गावोगाव रोज जे घडतं, त्याची बातमी होत नाही. त्यातली एक गोष्ट मात्र लेकराच्या जिवावर बेतू शकते.

आधी चांगलं सांगू. ज्या घरात कुत्रं, मांजर, नाहीतर शेळीचं करडू आहे, तिथलं लेकरू न सांगता काही गोष्टी शिकतं. पाणी ठेवायचं, भाकरीचा तुकडा राखून ठेवायचा, मुकं जनावर काय मागतंय ते ओळखायचं. एकटं लेकरू असेल तर त्याला सोबत होते. आता हेच करडू मोठं झालं की बाजारात जातं आणि लेकरू दोन दिवस जेवत नाही, हेही घरोघर घडतं. विकायचं ठरलं असेल तर आधी सांगा. शाळेतून आल्यावर रिकामं दावं बघायला लावू नका.

आता काळजीचं. गल्लीतलं कुत्रं चावलं तर आपण दवाखान्यात पळतो. घरच्या पिल्लाचा दात लागला की म्हणतो, "खेळता खेळता लागलं, आपलंच आहे." खरा धोका इथेच आहे. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो, मांजरालाही होतो. आपलं कुत्रं रात्री कुणाशी भांडून आलं, हे आपल्याला कुठे माहीत असतं? रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी कुत्रं चावलेल्या ज्या मुलाला पहिल्यांदा ही लस दिली, तो नऊच वर्षांचा होता.

लेकरांचं आणखी एक असतं. मार बसेल, नाहीतर पिल्लू सोडून देतील, या भीतीने ती चावल्याचं सांगतच नाहीत. म्हणून घरात आधीच सांगून ठेवा, "चावलं, ओरबाडलं तर लगेच सांग, कुणी रागावणार नाही." आणि खरंच रागावू नका.

दात किंवा नख लागून चामडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. मिरची, हळद, चुना, तेल काही लावू नका. मग सरकारी दवाखाना. लस तिथे मोफत मिळते. चामडीत देतात ती लस पहिला दिवस शून्य धरून ३, ७ आणि २८ व्या दिवशी पुन्हा घ्यायची. दंडात, म्हणजे स्नायूत दिली तर १४ व्या दिवशीही एक डोस असतो. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं, त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. पोटात चौदा इंजेक्शनं देतात ही भीती काढून टाका, ती जुनी लस २००५ पासून वापरात नाही.

चावलेल्या कुत्र्याला मारू नका. दहा दिवस बांधून नजर ठेवा, पण त्याची वाट बघत लस थांबवू नका. लाळ गळणं, आवाज बदलणं ही लक्षणं सगळ्यांना माहीत आहेत. पण काही कुत्री पिसाळत नाहीत, नुसती अंधारात गप पडून राहतात. अशा कुत्र्याजवळ लेकरू जाऊ देऊ नका.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की जनावरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस द्या, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी आणि मग दरवर्षी. जंताचं औषधही तिथेच विचारा, कारण पिल्लाच्या पोटातले जंत मातीत खेळणाऱ्या लेकराच्या पोटात जाऊ शकतात. मांजराचे केस गोल चट्ट्यासारखे गेले असतील तर ते गजकर्ण असू शकतं, आणि ते लेकराला लागतं.

आपल्या जिल्ह्याची अडचण वेगळी आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर निघतात. सोबत लेकरं, कोंबड्या, आणि गाडीमागे कुत्रंही. निघायच्या तोंडावर लेकराला कुत्रं चावलं तर पहिला डोस गावाकडे होतो आणि बाकीचे राहून जातात. तसं करायची गरज नाही. राहिलेले डोस कोपीजवळच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात घेता येतात. फक्त पहिल्या डोसचा कागद सोबत लागतो. कोपीत कागद भिजतो, हरवतो, म्हणून दवाखान्यातून बाहेर पडायच्या आतच मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढा आणि पुढच्या तारखांचा अलार्म लावून ठेवा.