दोन वर्षांचं पोट आणि कोकणातली दुपार

मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावरची हवा फसवी असते. उन्हं वर आली की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा आत येतो. तापमापक ३३-३४ अंश दाखवत असला तरी वाऱ्यात उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला बरं वाटतं. आपल्याला बरं वाटतंय म्हणजे वाळूत खेळणाऱ्या दोन वर्षांच्या मुलालाही बरंच वाटत असणार, असं आपण धरून चालतो. त्याचं अंग लाटांनी ओलं असतं, त्यामुळे त्यात घाम किती आणि समुद्र किती हे कळायला मार्ग नसतो. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम चटकन उडूनही जात नाही, आणि घाम उडाला तरच शरीर थंड होतं. म्हणजे पाणी जातं, पण थंडावा पुरेसा मिळत नाही.

लहान मुलाचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. बारा किलो वजनाच्या मुलाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर भरतं. वजनाच्या हिशेबात पाहिलं तर साठ किलोच्या माणसापेक्षा ते दीडपटीहून जास्त आहे. ऊन, गरम वाळू, तापलेली हवा या सगळ्यांना त्या शरीरात शिरायला दर किलोमागे जास्त जागा मिळते. पाण्याचा हिशेबही तसाच. मॅल्कम हॉलिडे आणि विल्यम सेगर या दोन बालरोगतज्ज्ञांनी १९५७ साली मांडलेलं सूत्र आजही रुग्णालयांत वापरलं जातं. पहिल्या दहा किलोंना दर किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या दहा किलोंना ५०, त्यापुढे २०. या सूत्राने बारा किलोच्या मुलाला दिवसाला सुमारे ११०० मिलिलिटर द्रव लागतं, दूध, भात, फळं यांतून मिळणारं पाणी धरून. साठ किलोच्या माणसाला २३०० मिलिलिटर. दर किलोमागे भाग दिला तर मुलाची गरज जवळजवळ अडीचपट निघते. हे घरातल्या, अंथरुणावरच्या शांत दिवसाचं गणित आहे. किनाऱ्यावरची धावपळ आणि घाम त्यात धरलेला नाही.

पाच टक्के वजन पाण्याच्या रूपाने कमी झालं की डॉक्टरांना निर्जलीकरणाची चिन्हं दिसू लागतात. बारा किलोच्या मुलाच्या बाबतीत हे पाच टक्के म्हणजे ६०० मिलिलिटर. मोठ्या माणसाला एवढं पाणी गमावल्यावर फक्त तहान लागेल.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की किनाऱ्यावर मुलाच्या पाण्याची जबाबदारी त्याच्या तहानेवर सोडू नये. खेळात रमलेलं मूल पाणी मागत नाही, आणि मागायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट, मागितले नाहीत तरी. एका वेळी भांडंभर पाणी पाजलं तर ते बहुधा बाहेरच येतं. पुरेसं पाणी जातंय का हे बघायची खूण म्हणजे लघवी, पण समुद्रावर तीही चकवते. पाण्यात घालायचा डायपर लघवी धरून ठेवत नाही आणि साधा डायपर समुद्राच्या पाण्यानेच फुगतो. मुक्कामावर परतल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ घालून कोरडा डायपर बांधावा आणि तो किती वेळात, किती ओला होतो ते पाहावं. गडद पिवळी, थोडीशी लघवी दिसली तर संध्याकाळी पुन्हा किनाऱ्यावर जाण्याआधी पाणी भरून काढायला हवं.

खेळता खेळता मुलं समुद्राचं पाणी पितात. लाट तोंडावर आली की एखाददुसरा घोट जाणारच, त्याची काळजी नको. पण ओंजळीने किंवा खेळण्यातल्या बादलीने पाणी पिण्याची गंमत काही मुलांना फार आवडते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एक ते तीन वर्षांच्या मुलांना दिवसभरात दोन ग्रॅमपेक्षा जास्त मीठ जाऊ नये, असं ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. ६० मिलिलिटर समुद्राच्या पाण्यात, म्हणजे टपरीवरच्या कटिंगएवढ्या पाण्यात, तेवढे क्षार येतात. रक्तापेक्षा कितीतरी खारट असं हे पाणी आतड्यात गेलं की ते शरीरातलं पाणी आपल्याकडे ओढून घेतं. उलटी होते, पोट बिघडतं आणि तहान वाढते. त्या वेळी थोडं थोडं साधं पाणी द्यावं. मूल सुस्त किंवा फार चिडचिडं वाटलं तर डॉक्टरांकडे न्यावं.

साधं पाणी म्हणतानाही एक गोष्ट पाहावी लागते. समुद्रालगतच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकतं. हे पाणी उकळलं तर जंतू मरतात, खळखळून एक मिनिट उकळी पुरते, पण मीठ जात नाही. उलट वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या मानाने ते किंचित वाढतं. दुधाची पावडर किंवा ओआरएस अशा पाण्यात कालवलं तर मिठाचं प्रमाण बिघडतं. घरमालकांना सरळ विचारावं, प्यायचं पाणी कुठून आणता? कोकणातली माणसं स्वतः प्यायला गोडं पाणी वेगळं भरून ठेवतात आणि विचारलं की आनंदाने देतात.

शहाळं चांगलंच. न फोडलेल्या नारळातलं पाणी निर्जंतुक असतं. जंतू येतात ते कोयत्याबरोबर आणि नळीबरोबर, म्हणून मुलासाठी स्वतःचा स्वच्छ पेला न्यावा. त्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम मात्र बेताचं. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. त्यामुळे शहाळ्याच्या जोडीला मीठ घातलेला एखादा पदार्थ, मऊ भात किंवा ताक, पोटात गेलेला बरा. जुलाब लागल्यावर मात्र शहाळं ओआरएसची जागा घेऊ शकत नाही.

ओआरएसमागचं विज्ञान सुंदर आहे. आतड्याच्या अस्तरात एक प्रथिन असतं. ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेतं, एकाशिवाय दुसऱ्याला नाही, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येतं. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली प्राग इथे मांडली. जुलाब चालू असतानाही हा दरवाजा बंद होत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. आजच्या सुधारित सूत्रात एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट.

साडेतेरा ग्रॅम हा आकडा लक्षात ठेवावा. बाजारातल्या गोड शीतपेयांत एका लिटरला शंभर ग्रॅमच्या पुढे साखर असते. एवढी साखर आतड्यात शोषली जाईपर्यंत पाण्याला उलट्या दिशेने खेचते, म्हणजे जुलाब असलेल्या मुलाला ती आणखी कोरडं करते. पाकिटातले फळांचे रसही तेच करतात. गेली अनेक वर्षं अशी गोड पेयं नावात ‘ओआरएस’ लावून औषधांच्या दुकानात मिळत होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ पाठपुरावा केला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नावात तो शब्द वापरायला बंदी घातली. ज्या पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे तेच घ्यावं. लिटरचं पाकीट असेल तर अख्खं पाकीट अख्ख्या लिटरमध्ये घालावं. पेल्यात अंदाजाने चमचाभर पावडर टाकली की हे सगळं गणित कोलमडतं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यावं.

कोकणातल्या घरांत याच विज्ञानाचा एक जुना नातेवाईक रोज सकाळी शिजतो, तो म्हणजे उकड्या तांदळाची पेज. तांदळातल्या पिष्टाच्या लांब साखळ्या आतड्यात हळूहळू तुटतात आणि त्यांतून थोडं थोडं ग्लुकोज सुटतं. एकदम साखर ओतल्यासारखा पाण्याचा उलटा ओढा निर्माण होत नाही. कॉलऱ्याच्या रुग्णांवर तांदळाच्या पिठाचं ओआरएस वापरून पाहिलं तेव्हा जुलाबाचं प्रमाण कमी झालेलं आढळलं. पेजेत मिठाचं माप काटेकोर नसतं, म्हणून औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये. पण किनाऱ्यावर जायच्या दिवशी सकाळी, दोन वर्षांच्या मुलाला पाणी, पिष्ट आणि चिमूटभर मीठ एकत्र देणारी याहून चांगली न्याहारी मला माहीत नाही. न्याहारीला मुक्कामाच्या ठिकाणी बहुधा पोहे, ब्रेड-ऑम्लेट विचारतात. पाहुणे मागत नाहीत म्हणून पेज पुढे येत नाही. आदल्या रात्री सांगून ठेवावं. मालवणात असाल तर घावणे, आंबोळी, नारळाच्या रसातली शिरवाळी हेही मुलांना झेपणारं, तिखटाशिवायचं आणि ताजं केलेलं अन्न.

ताजं हा शब्द माशाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाशिवाय राहिला की जंतू त्याचं हिस्टामीन करतात. ते तळून, उकळून जात नाही. असा मासा खाल्ला की काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होतं, अंगावर पुरळ उठतं, उलट्या-जुलाब होतात. घरचे समजतात की मुलाला बांगड्याची ॲलर्जी आहे आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला मासे देत नाहीत. दोष बांगड्याचा नव्हे, उन्हात गेलेल्या वेळाचा. म्हणून रापणीचा किंवा बंदरावर नुकताच उतरलेला मासा लगेच बर्फात घालून आणावा आणि दुपारीच शिजवावा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताटातला मासा किती जुना आहे, हे विचारल्याशिवाय मुलाला देऊ नये.

तिसऱ्या आणि कालवं ही पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले जंतू आणि विषाणू त्यांच्या अंगात साठतात. मुलाला द्यायचीच तर पूर्ण शिजलेली. मोरी, म्हणजे शार्क, मालवणात आवडीने खातात, पण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो आणि वाढत्या मेंदूला तो नको, म्हणून या वयात मोरी टाळावी. कोळंबी आयुष्यात पहिल्यांदा द्यायची असेल तर ती घरी, डॉक्टर जवळ असताना द्यावी. तिच्यातलं ॲलर्जी आणणारं प्रथिन शिजवल्यानेही मोडत नाही, आणि जवळचा दवाखाना तासाभरावर असेल अशा वाडीत हा प्रयोग नको. काट्यांसाठी नजर पुरत नाही. घास बोटांनी चुरून पाहावा.

उरलेला भात रात्री पुन्हा गरम करून देणं ही आपली नेहमीची सवय. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि उलटी आणणारं विष तयार करतात. पुन्हा उकळी आणली तर जंतू मरतील, विष तसंच राहील. कोकणातल्या उकाड्यात शिजलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त वेळ उघड्यावर ठेवून मुलाला देऊ नये. थर्मासमधलं कोमट दूध त्याहून धोक्याचं. तासन्तास चाळीस अंशांवर ठेवलेलं दूध जंतूंना हवं तसंच असतं. थर्मासमध्ये कडकडीत पाणी न्यावं, पावडर वेगळी, आणि पाजायच्या वेळी कालवावं. अंगावर पिणारं मूल असेल तर या सगळ्या जंजाळातून सुटका आहे. मात्र आईने स्वतः पाणी वाढवायला हवं.

बर्फाचा गोळा मी या वयात देणार नाही. गोठल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. २०१८ मध्ये महाराष्ट्रात खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आला, पण गोळ्यावर सरबत ओतल्यावर तो रंग कोणाला दिसणार? शेंगदाणे आणि चणे तर पाच वर्षांपर्यंत नकोच. पळता पळता तोंडातला दाणा श्वासनलिकेत जातो. किनाऱ्यावर कोणतंही मूल बसून खात नाही. हात वाळूने भरलेले असतात तेव्हा सॅनिटायझर फारसा उपयोगी पडत नाही. साबण आणि गोडं पाणी, तेही खाण्याआधी प्रत्येक वेळी.

एवढं करूनही जुलाब लागले तर दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने किंवा लहान घोटांनी. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. खाणं आणि दूध बंद करू नये. झिंक डॉक्टरांच्या सांगण्यावरून चौदा दिवस द्यावं. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नये. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, शौचात रक्त आहे, पाजलेलं काहीच पोटात राहत नाही किंवा मूल उठवलं तरी उठत नाही, यांपैकी एकही दिसलं तर घरी परतण्याची वाट न बघता जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावं. ते कुठे आहे हे मुक्कामी पोहोचल्याच्या दिवशीच विचारून ठेवावं, गाडी नसेल तर १०८ क्रमांक लावावा, आणि मूल जागं असेल, गिळत असेल तर वाटेत चमच्याने ओआरएस चालू ठेवावं.