सुपरहीरो ॲक्शन फिगरची गुणवत्ता : परीक्षणाचे निकष आणि त्यांतील एक विसंगती

प्रस्तावना :

लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासात चित्रपट, चित्रकथा व दूरचित्रवाणी मालिका यांना आता प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. परंतु त्यांच्यातून निर्माण होणाऱ्या वस्तूंकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. सुपरहीरोंच्या ॲक्शन फिगर ही अशीच एक दुर्लक्षित वस्तू होय. प्रौढ संग्राहक तिच्यावर हजारो रुपये खर्च करतात आणि तिच्या दर्जाविषयी हिरिरीने वाद घालतात. मात्र 'दर्जा' या एकाच शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी मोजल्या जातात : मूर्ती कशी घडविली आहे आणि ती किती जपली गेली आहे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे बाजारातील मूल्य व वस्तूचा खरा दर्जा यांत मोठे अंतर पडते. प्रस्तुत लेखात हे निकष उलगडून त्यांतील विसंगती दाखविण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

संज्ञा व पार्श्वभूमी :

अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली 'जी. आय. जो' हा सुमारे १२ इंच उंचीचा सैनिक बाजारात आणला. मुलगे 'बाहुली' घेऊन खेळणार नाहीत या धास्तीने तिला 'ॲक्शन फिगर' असे नाव देण्यात आले. म्हणजे हालचालीची क्षमता ही या वस्तूच्या नावातच अंतर्भूत आहे. पुढे १९७२ पासून मेगो कंपनीने कापडी पोशाखातील ८ इंची सुपरहीरो काढले, तर केनर कंपनीच्या १९८४ मधील 'सुपर पॉवर्स' मालिकेत मूर्तीचे पाय दाबताच हात हलत. टॉय बिझ कंपनीने २००२ मध्ये सुरू केलेल्या व २००७ पासून हॅस्ब्रोकडे आलेल्या 'मार्व्हल लेजंड्स' मालिकेने सुमारे ६ इंच उंची आणि भरपूर सांधे हा प्रघात रूढ केला. हाँगकाँगच्या हॉट टॉइज कंपनीच्या एकास सहा प्रमाणातील महागड्या मूर्ती हा स्वतंत्र वर्ग आहे. येथील विवेचन प्रामुख्याने ६ इंची मूर्तींपुरते मर्यादित आहे.

बाहुली की खेळणे, हा वाद केवळ शाब्दिक नव्हता. अमेरिकेत बाहुल्यांवर १२ टक्के, तर इतर खेळण्यांवर ६.८ टक्के आयातशुल्क होते. तेव्हा 'एक्स-मेन' ही पात्रे मानव नाहीत, सबब त्यांच्या मूर्ती बाहुल्या ठरत नाहीत, असा युक्तिवाद टॉय बिझने केला आणि तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २००३ मध्ये तो मान्य केला. माणूस म्हणून स्वीकार व्हावा यासाठी कथेत झगडणाऱ्या पात्रांना त्यांच्याच मूर्तिकारांनी कोर्टात अमानव ठरवावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

घडण आणि सांधे :

मूर्तीच्या परीक्षणात सर्वांत कळीचा प्रश्न घडण व सांधे यांच्या परस्परसंबंधाचा आहे. प्रत्येक सांधा म्हणजे शिल्पाला दिलेला छेद होय. सांधे वाढविले की स्नायूंची रेषा तुटते; सांधे कमी केले की मूर्ती पुतळ्यासारखी ताठ उभी राहते. म्हणून वेष्टनावर छापलेली सांध्यांची संख्या ही गुणवत्तेची खूण मानणे हे भाबडेपणाचे आहे. सांधे किती आहेत यापेक्षा ते त्या पात्राच्या देहबोलीला उपयोगी पडतात काय, हे पाहिले पाहिजे.

स्पायडर-मॅनचे उदाहरण घेता येईल. गुडघे छातीशी आणून भिंतीवर उकिडवे बसणे, हा त्याचा ओळखीचा पवित्रा. तो साधण्यासाठी कोपरा-गुडघ्यांना दुहेरी सांधा लागतो, पोटातून पुढे वाकता यावे लागते आणि खांदा छातीच्या दिशेने आत सरकावा लागतो. शिवाय पाय फाकविले असता तळवा जमिनीला सपाट टेकावा, यासाठी घोटा दोन्ही बाजूंस कलणे आवश्यक असते. यांतील शेवटची बाब क्षुल्लक वाटते. परंतु कित्येक देखण्या मूर्ती नेमक्या तिच्याअभावी तळव्याच्या कडेवर उभ्या राहतात व अखेर कोलमडतात. सुपरमॅनच्या बाबतीत मागणी वेगळी. उड्डाणाच्या स्थितीत देह आडवा असताना नजर समोर राहावी, म्हणजेच मान पुरेशी मागे जावी, एवढे साधले की बाकीचे बरेचसे खपून जाते. बॅटमॅनची अडचण त्याच्या झग्यात आहे. घट्ट प्लॅस्टिकचा झगा घडणीत सुंदर दिसतो, पण त्याच्या भाराने मूर्ती मागे झुकते आणि खांद्यांची हालचालही अडते. कापडी झगा हलका असतो, परंतु या लहान प्रमाणात कापड नीट पडत नाही. हल्कसारख्या पात्राला मात्र चपळ सांध्यांपेक्षा वस्तुमानाचा भास अधिक महत्त्वाचा.

सांध्याचा ताठरपणा ही यापुढील कसोटी होय. हात वर करून सोडला असता तो तेथेच राहिला पाहिजे. जड मूर्तींच्या मांड्यांना दातेरी सांधे देतात. ते पक्के असतात, पण ठरावीक टप्प्यांवरच थांबतात. याउलट एखादा सांधा रंगामुळे चिकटून बसलेला आढळतो. अशा वेळी जोर लावल्यास खुंटी पिळवटून तुटते. मूर्ती गरम पाण्यात काही काळ ठेवून प्लॅस्टिक मऊ करणे हा जाणकारांचा रूढ उपाय आहे.

साचा आणि रंगकाम :

वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरून मूर्तीचे भाग तयार होतात. साच्याची दोन दले जेथे मिळतात तेथे बारीक रेघ उमटते. ही रेघ पोटरीच्या आतील बाजूस असेल तर क्षम्य, गालावरून जात असेल तर दोष. साचे अतिशय महाग असल्याने कंपन्या एकच धड अनेक पात्रांसाठी वापरतात. संग्राहक यावर नाराजी व्यक्त करतात. तथापि घट्ट पोशाखातील सुपरहीरोंच्या बाबतीत ही काटकसर फारशी खटकत नाही. खटकते ती किशोरवयीन पात्राला पोक्त पुरुषाचे धड दिल्यावर.

चेहऱ्याचे रंगकाम ही स्वतंत्र परीक्षा आहे. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी अनुभवी हातांकडेच का सोपविली जाते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको. येथे मात्र हाताऐवजी ठसा असतो. मऊ गादीवर रंग घेऊन तो चेहऱ्यावर उमटवितात. पांढरे, बुबुळ व भुवई असे थर एकामागून एक येतात. एखादा थर अर्धा मिलिमीटर सरकला तरी महानायक तिरळा दिसतो. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात चेहरे थेट संगणकीय पद्धतीने छापण्यास सुरुवात झाल्यावर साम्य खूपच सुधारले. एकाच साच्यातून व एकाच रांगेतून निघालेल्या दोन मूर्तींचे चेहरे सारखे नसतात. म्हणून दुकानात चार पेट्या शेजारी ठेवून निवड करणाऱ्यास चिकित्सक म्हणावे, हट्टी नव्हे. रंगाविषयी आणखी एक पारख अशी की, गडद प्लॅस्टिकवर त्वचेचा फिकट रंग चढविला असल्यास सांध्यापाशी तो घासला जाऊन आतील रंग डोकावू लागतो. मुळातच त्या रंगात ओतलेले प्लॅस्टिक दिसावयास किंचित मेणचट असते, परंतु टिकते.

प्लॅस्टिक आणि काळ :

धड व सांध्यांसाठी सामान्यतः एबीएससारखे कठीण प्लॅस्टिक, तर केस, झगा व हात यांसाठी मऊ पीव्हीसी वापरले जाते. पीव्हीसीला मऊपणा देणारे द्रव्य कालांतराने पृष्ठभागावर येते. मूर्ती चिकट होते व धूळ धरते. उष्णतेने ही क्रिया वेगावते. मऊ प्लॅस्टिकचे पाय शरीराचा भार पेलता पेलता वाकतात, आणि प्रकाशातील अतिनील किरणांनी पांढरे भाग पिवळे पडतात. खरेदीच्या दिवशी यांपैकी काहीही दिसत नाही. मुंबईसारख्या उष्ण हवेत मूर्ती ठेवणाऱ्याने याचा विचार आधीच करावा.

पेटीबंद मूर्ती आणि श्रेणीकरण :

विसंगती खरी येथे प्रकट होते. अमेरिकेत संग्राह्य मूर्तींना गुणांकन देणाऱ्या व्यावसायिक संस्था आहेत. त्यांपैकी ॲक्शन फिगर ऑथॉरिटी या सेवेत पुठ्ठ्यावर बंद असलेल्या मूर्तीला पुठ्ठा, पारदर्शक आवरण व मूर्ती असे तीन स्वतंत्र गुण दिले जातात. म्हणजे तिहींपैकी दोन गुण वेष्टनाचे. तिसरा गुणही आवरणाबाहेरून पाहूनच द्यावा लागतो. सांधा सैल आहे की चिकटला आहे, घोटा कलतो की नाही, मूर्ती आपल्या पायांवर उभी राहते की नाही, यांतील एकही गोष्ट तपासणे शक्य नसते. ज्या क्षमतेवरून या वस्तूला नाव मिळाले तीच क्षमता सर्वाधिक किमतीच्या नमुन्यांत कायम अतपासित राहते. असे गुणांकन निरुपयोगी आहे असे नव्हे. ते जतनाचे प्रामाणिक मोजमाप आहे. ते घडणीचे प्रमाणपत्र म्हणून वाचणे ही वाचणाऱ्याची चूक होय.

दुर्मिळता हा घटकही असाच वेगळा ठेवला पाहिजे. १९८७ साली स्थापन झालेल्या व गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूल कंपनीने हॅस्ब्रोच्या 'जी. आय. जो' मूर्ती भारतात तयार केल्या. हे सैनिक सुपरहीरो नव्हेत, पण याच घराण्यातील होत. मूळ अमेरिकी आवृत्तीपेक्षा त्यांचे रंग काही वेळा अगदीच निराळे, तर कधी भडक होते; आणि या वेगळेपणामुळेच परदेशी संग्राहकांना त्यांचे आकर्षण वाटते. रंगकामाच्या निकषावर ज्यांना कदाचित कमी गुण मिळाले असते, त्याच मूर्ती संग्रहात अभिमानाने मिरवितात.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले आहे. हे चिन्ह सुरक्षिततेची हमी देते; चेहरा नीट छापला आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. नकली मूर्तीची शंका आल्यास पाठीवर, मांडीवर अथवा तळव्यावर कोरलेली स्वामित्वहक्काची अक्षरे पाहावीत. अस्सल मूर्तीवर ती बहुधा बारीक पण सुवाच्य असतात. नकलेत ती पुसट झालेली किंवा अजिबात गायब असतात, कारण तयार मूर्तीवरूनच साचा काढल्याने तपशील बोथट होतो आणि मूर्तीही मूळ नमुन्यापेक्षा किंचित लहान निघते.