उधारीचं पोतं: 'पुढच्या अपडेटमध्ये मिळेल' म्हणजे नक्की काय मिळतं?

समजा, तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात उभे आहात. समोर दोन डिस्क प्लेअर आहेत. एकात तुम्हाला हवी असलेली सोय आजच आहे, पण तो शंभरेक डॉलरनी महाग. दुसऱ्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलंय की हीच सोय 'येत्या फर्मवेअर अपडेटमधून' मिळेल. कोणता घ्याल?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक व्यवहार दडलेला आहे. तुम्ही पैसे आज देताय आणि वस्तूचा एक भाग नंतर मिळणार आहे. म्हणजे खरं तर तुम्ही कंपनीला उधार देताय. आपल्याकडे म्हणतातच, उधारीचं पोतं सव्वा हात रितं. ते रितं का राहतं आणि कधी कधी चक्क भरून कसं मिळतं, हे आज बघू.

आधी फर्मवेअर म्हणजे काय ते. यंत्राच्या आतल्या मेमरीत बसवलेलं आणि त्याचं हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. जुन्या व्हीसीआरला असल्या गोष्टीची फारशी गरज नव्हती. कॅसेट आत गेली की चित्र दिसायचं. ब्लू-रे प्लेअर मात्र जवळजवळ कॉम्प्युटरच आहे. डिस्कवर फक्त सिनेमा नसतो, जावा भाषेत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम असतात, शिवाय कॉपी रोखण्यासाठी कुलपं असतात. ही कुलपं अधूनमधून बदलतात. त्यामुळे जुन्या प्लेअरला नवी डिस्क कळेनाशी होऊ शकते. एप्रिल २०१० मध्ये 'अवतार'ची ब्लू-रे आली तेव्हा नेमकं हेच झालं. अनेकांच्या प्लेअरवर ती फर्मवेअर अपडेट केल्याशिवाय नीट चालेना. थोडक्यात, या यंत्रांच्या बाबतीत अपडेट हा वरचा मेवा नाही, तो रोजच्या जेवणाचाच भाग आहे. आणि अपडेट येतच राहणार असतील, तर 'राहिलेलं नंतर देऊ' असं म्हणण्याचा मोह कंपन्यांना होणारच.

आता २००६ सालात जाऊ. तेव्हा दोन प्रकारच्या डिस्क एकमेकींशी भांडत होत्या. तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर एप्रिलमध्ये अमेरिकेत आला, किंमत ४९९ डॉलर. सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर जूनमध्ये आला, किंमत जवळजवळ १००० डॉलर. गंमत अशी की स्वस्त एचडी डीव्हीडीच्या नियमांत इंटरनेटचं पोर्ट पहिल्या दिवसापासून सक्तीचं होतं. महाग ब्लू-रेच्या नियमांत ते नव्हतं. ब्लू-रेवाल्यांनी पायऱ्या केल्या होत्या, त्यांना 'प्रोफाइल' म्हणत. १.० म्हणजे सुरुवातीची सवलत. १.१ मध्ये सिनेमा चालू असताना कोपऱ्यात दुसरं चित्र दाखवण्याची सोय, आणि नोव्हेंबर २००७ पासून नव्या प्लेअरना ती सक्तीची. २.० मध्ये इंटरनेट आणि किमान १ गिगाबाइट साठवण.

ज्यांनी १.० चे प्लेअर घेतले होते, त्यांच्या मनात साहजिकच आशा होती की अपडेट येईल आणि आपला प्लेअरही वरच्या पायरीवर जाईल. पण कोपऱ्यातलं दुसरं चित्र दाखवायला दुसरा व्हिडिओ डीकोड करण्याची ताकद लागते, साठवायला मेमरी लागते, इंटरनेटला पोर्ट लागतं. जे यंत्रात बसवलेलंच नाही, ते सॉफ्टवेअर कुठून आणणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! त्या प्लेअरांपैकी बहुतेक जिथे होते तिथेच राहिले.

त्याच काळातलं दुसरं उदाहरण बरोबर उलटं आहे. सोनीचा प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आला. तो खेळांचा कन्सोल, पण ब्लू-रेही चालवायचा. डिसेंबर २००७ च्या अपडेटने तो १.१ झाला, मार्च २००८ च्या अपडेटने २.०, आणि सप्टेंबर २०१० मध्ये तर ब्लू-रेचे थ्रीडी सिनेमे दाखवू लागला. विकत घेताना जे नव्हतं ते चार वर्षं फुकट मिळत गेलं.

असं का झालं? सोनीची माणसं जास्त प्रामाणिक होती म्हणून? तसं काही मानायची गरज नाही. दोन कारणं पुरेशी आहेत. एक, खेळांसाठी बसवलेल्या ताकदवान प्रोसेसरमुळे हार्डवेअर आधीच हजर होतं. काम फक्त सॉफ्टवेअरचं उरलं होतं. दोन, यंत्र विकल्यावरही सोनीचा हिशेब संपत नव्हता. खेळांच्या विक्रीतून पैसे येत राहणार होते आणि ब्लू-रे जिंकणं ही सोनीची स्वतःची गरज होती. तोशिबाने १९ फेब्रुवारी २००८ रोजी एचडी डीव्हीडी सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि ती लढाई संपली. त्या दिवशी एचडी डीव्हीडीच्या ग्राहकाच्या हातात काय राहिलं? सगळ्या सोयींनी युक्त असा प्लेअर, ज्याच्यासाठी नव्या डिस्क येणं थांबणार होतं. म्हणजे आज खोक्यात सगळं असणं हीसुद्धा पूर्ण हमी नाही.

म्हणून अशा वचनाकडे बघताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. कंपनी हे करू शकते का? आणि पैसे मिळून गेल्यावर तिला ते करावंसं का वाटेल? पहिला प्रश्न हार्डवेअरचा आहे, दुसरा स्वार्थाचा. दोन्हींची उत्तरं 'हो' असतील तरच पोतं भरण्याची शक्यता.

कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या ओप्पो डिजिटलचं उदाहरण घ्या. त्यांचा यूडीपी-२०३ हा फोर-के प्लेअर डिसेंबर २०१६ मध्ये आला, ५४९ डॉलरला. त्यात डॉल्बी व्हिजन ही चित्राचा उजेड आणि रंग सुधारणारी सोय पुढच्या अपडेटमधून मिळेल असं सांगितलं होतं. त्याला लागणारी चिप आत होती. शिवाय ओप्पोचा सगळा धंदा चोखंदळ शौकिनांच्या भरवशावर उभा होता. शब्द मोडला असता तर त्या छोट्या जगात नाव गेलं असतं. २०१७ मध्ये अपडेट आलं, शब्द पाळला गेला. पण पुढचं ऐका. एप्रिल २०१८ मध्ये ओप्पो डिजिटलने नवी उत्पादनं बनवणं थांबवत असल्याचं सांगितलं. सेवा आणि अपडेट चालू ठेवू असंही सांगितलं. तरी धडा उरतोच: वचन देणारा चांगला असला तरी तो कायम दुकान मांडून बसेलच असं नाही.

आणखी एक बाजू आहे, ती लोकांच्या लक्षात उशिरा येते. ज्या दाराने सोय आत येते, त्याच दाराने ती बाहेरही जाऊ शकते. सुरुवातीच्या प्लेस्टेशन ३ वर लिनक्स बसवता यायचं. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने सुरक्षेचं कारण देऊन ही सोय काढून टाकली. अपडेट न घेण्याची मुभा होती, पण मग ऑनलाइन सेवा बंद, आणि नवं सॉफ्टवेअर मागणारे खेळ आणि डिस्कही बंद. ग्राहक कोर्टात गेले, प्रकरण अनेक वर्षं चाललं आणि शेवटी तडजोडीवर मिटलं. दुसरा प्रसंग जून २०२० चा. सॅमसंगचे इंटरनेटला जोडलेले बरेच ब्लू-रे प्लेअर एका सकाळी आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागले. मालकांनी काही बिघडवलं नव्हतं, आणि घरी बसून दुरुस्त करणंही शक्य नव्हतं. यंत्र कंपनीकडे पाठवावं लागलं.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेत वस्तूंच्या विक्रीचे नियम बहुतेक राज्यांनी एका समान संहितेवरून घेतले आहेत. विक्रेत्याने वस्तूबद्दल दिलेलं वचन सौद्याचा आधार असेल, तर ती हमी ठरते. म्हणजे खोक्यावर छापलेल्या वाक्याला वजन आहे. दुकानातल्या मुलाच्या 'येईल हो अपडेट' याला तेवढं नाही, कारण ते सिद्ध कसं करणार? कंपन्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून वचनाच्या शेजारीच 'बदल होऊ शकतो' अशी ओळ सापडते. अपडेट किती वर्षं मिळणार, हे तर बहुधा लिहिलेलंच नसतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या १८४ उत्पादनांची माहिती तपासली. जवळजवळ ८९ टक्के उत्पादनांच्या पानावर हा कालावधी दिलेलाच नव्हता.

मग खरेदी करताना काय करायचं? सोय आज नाहीच असं धरून किंमत ठरवा. तेवढ्यात प्लेअर परवडत असेल तर घ्या. उरलेलं मिळालं तर नफा. सोय हवीच असेल तर ती आज ज्यात आहे तोच घ्या, किंवा अपडेट येईपर्यंत थांबा. तोवर किंमतही बहुधा उतरते. वचन छापील आहे का, तारखेसकट आहे का ते बघा, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. परत करण्याची मुदत संपण्याआधी प्लेअर अपडेट करून आपल्या आवडीच्या चार डिस्क लावून पाहा.

भारतातून डिस्क आणणाऱ्या घरांसाठी एक खास सूचना. अमेरिकेतले डीव्हीडी प्लेअर विभाग १ चे, भारत विभाग ५ मध्ये; ब्लू-रेत अमेरिका ए, भारत सी. 'पुढच्या अपडेटने सगळे विभाग उघडतील' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. विभागाचं बंधन हा कंपनीच्या परवान्याचाच भाग आहे, ती स्वतःहून ते सोडणार नाही. फोर-के ब्लू-रे डिस्कना मात्र विभागच नसतात, तिथे ही अडचण येत नाही.

अपडेट वाईट नाहीत. पण अपडेट ही कंपनीची पुढची कृती आहे, तुमच्या हातातली वस्तू नाही. वस्तूचे पैसे द्या, आशेचे देऊ नका.