गरोदरपणातील डोकेदुखी : गोळी घेण्याआधी

गेल्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, एक सासू-सून माझ्या दवाखान्यात आल्या. सुनेला सातवा महिना. "डॉक्टरीणबाई, कालपासून हिचं डोकं उठलंय. दुकानातून गोळी आणली होती, पण म्हटलं दोन जिवांची आहे, आधी विचारावं," सासूबाई म्हणाल्या. त्या माउलीने विचारले हे फार बरे केले. पुडीतली गोळी आयब्युप्रोफेनची होती. पाचव्या महिन्यानंतर या गोळीने गर्भजल कमी होऊ शकते, बाळाच्या हृदयाला व मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो.

मी आधी रक्तदाब पाहिला. तो ठीक होता, लघवीही स्वच्छ. मग विचारपूस केली. शेजारणीने सांगितले होते की चहाने बाळ काळे होते. म्हणून दिवसाला पाच कप पिणाऱ्या या मुलीने रविवारी चहा एकदम तोडला. त्यात सोमवारचा कडक उपवास! चहाची सवय अचानक मोडली की डोके दुखतेच, शिवाय पोटात अन्न-पाणी नाही. बाळाचा रंग चहावर ठरत नाही हो. दोन-तीन लहान कप चालतात, फक्त जेवणासोबत नकोत. अन्नातले लोह अंगी लागत नाही. तिला लिंबू-सरबत दिले, घरी जाऊन वरण-भाकरी खा, अर्धा कप चहा घे आणि अंधाऱ्या खोलीत कपाळावर गार पाण्याची घडी ठेवून पड, असे सांगितले. संध्याकाळपर्यंत डोके उतरले.

बहुतेक गर्भिणींची डोकेदुखी अशीच साधी असते. उपाशी राहू नये, दर दोन-तीन तासांनी थोडे खावे, पाणी भरपूर प्यावे, दुपारी जरा पडावे. मान-खांदे हलक्या हाताने चोळून घ्यावेत. अर्धशिशी असणाऱ्यांना चौथ्या महिन्यानंतर बहुधा आराम पडतो. वरचेवर डोके दुखत असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. ११ च्या खाली असेल तर बाम चोळून उपयोग नाही. एवढे करूनही राहवले नाही, तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येते. सोसत बसण्याचा हट्ट नको. मात्र डॉक्टरांनीच रक्तदाबासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी दिली असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये.

बाळंतिणीचे दुखणे थोडे निराळे. रात्रीची जागरणे असतात. बाळावर वाकून पाजल्याने मान धरते. पाठ टेकून बसावे, बाळाखाली उशी घ्यावी, म्हणजे बाळ छातीशी येते. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, दारे-खिडक्या लावून शेगडी आणि धुरी करतात. याने तिचे डोके दुखते आणि बाळाला धूर सोसत नाही. पाणी मागेल तेवढे द्या. बाम लावलाच तर हात धुऊन बाळाला घ्यावे. कापराचा उग्र वास त्याच्या नाकाशी नको. पाठीत इंजेक्शन देऊन सिझेरियन झाले असेल आणि बसल्यावर डोके ठणकून आडवे होताच थांबत असेल, तर ते डॉक्टरांना कळवा.

आता, घरगुती उपायांत वेळ घालवू नये अशी डोकेदुखी. काही वर्षांपूर्वी पाचव्या दिवशीची एक बाळंतीण माझ्याकडे आणली. न्हाताना कान न बांधल्याने वारे लागले, असे समजून घरच्यांनी दोन दिवस लेप लावले होते. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. रक्तदाब १७०/११० ! तशीच जिल्हा रुग्णालयात पाठवली, म्हणून वाचली. बाळंतपण झाले की रक्तदाबाचा धोका टळतो असे अनेकांना वाटते. तो पुढे सहा आठवडे राहू शकतो.

पाचव्या महिन्यानंतर किंवा बाळंतपणानंतर डोके फार दुखत असेल, अंधुक दिसत असेल, तोंड-हात सुजले असतील, छातीखाली पोटात दुखत असेल, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० किंवा वर असेल तर लगेच डॉक्टर गाठा. एकाएकी असह्य कळ आली, झटके आले, हात-पाय लुळे पडले किंवा बोबडी वळली, तर १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी असते. पण असे दुखणे असताना ९ तारखेची वाट पाहू नका.